प्रीतीचा पत्ता

स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की आमच्या महाविद्यालयात एक वाद दरवर्षी ठरलेला असतो. गॅदरिंगमध्ये सिनेमातील प्रेमगीते नकोत, असे म्हणणारा एक गट. मग गॅदरिंग तरी कशाला, प्रार्थनासभाच घ्या, असे म्हणणारा दुसरा. पहिल्या गटाचे म्हणणे असे की, हा वर्धा जिल्हा आहे. सेवाग्राम आणि पवनार येथून सायकलने जाऊन यावे इतक्या अंतरावर आहेत. जेथे सेवा हा शब्द गावाच्या नावातच आहे, तेथल्या पोरांनी मायक्रोफोन हातात धरून 'तुझ्यावाचून मी जगणार नाही' असा टाहो फोडावा, हे शोभते काय?

मी अर्थातच दुसऱ्या गटातला. गळा बरा आहे, आणि समोरच्या बाकांवर कोण बसले आहे हे पाहून गाणे निवडण्याइतकी अक्कलही आहे. यंदाही मी गट बदललेला नाही. पण माझी कारणे बदलली आहेत, आणि ती सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यात आमची आजी न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. सिंदी मेघेहून रुग्णालय गाठायला वेळ लागत नाही. सेवाग्रामला १९६९ पासून आणि सावंगीला १९९० पासून वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे आमच्या भागाला एवढी एक सोय आहे. शस्त्रक्रिया झाली, पण मुक्काम लांबला. रात्री आई आजीजवळ थांबे आणि सकाळी ती स्वयंपाकासाठी घरी गेली की दुपारपर्यंत माझी पाळी. औषधे आणणे, चिठ्ठ्या इकडून तिकडे नेणे, चहा पाजणे ही कामे मी चोख करीत होतो. मात्र आजीला भांडे द्यायची वेळ आली, किंवा पाठीला पडलेली जखम धुवायची वेळ आली, की मी हळूच व्हरांड्यात सटकत असे. 'हे बायकांचे काम' ही सबब तयारच होती. जिने माझी दुपटी धुतली तिच्या बाबतीत ही सबब किती खरी, याचा विचार करायचे मी टाळले. व्हरांड्यात उभा राहून मी कानांत मोबाइलची बोंडे खुपसून गाणी ऐकत असे. तीच गाणी, जी गॅदरिंगला म्हणायची.

एके दिवशी मोबाइलचा जीव संपला म्हणून कान उघडे होते. वॉर्डात पडदा ओढलेला, आणि पडद्याआडून गुणगुणणे ऐकू येत होते. आवाज सिस्टरचा. या बाई केरळच्या, गळ्यात बारीकसा क्रूस. त्यांचे हिंदी बेताचे आणि मराठी त्याहून बेताचे. पण गाणे मात्र अस्सल हिंदी सिनेमातले, जुने, प्रेमाच्या शपथांनी काठोकाठ भरलेले. गाण्याचे नाव सांगत नाही. मागल्या वर्षी रंगमंचावर मीच ते म्हटले होते आणि ज्यांना आठवते ते अजून चिडवतात. पडद्याच्या फटीतून दिसले ते एवढेच की बाई आजीला कुशीवर वळवून धरून तिची जखम साफ करीत होत्या, आणि मधूनच 'आजी, दुखला का?' असे विचारून पुन्हा गाण्याची ओळ जेथे सोडली तेथून पकडत होत्या. शब्द अर्धे चुकत होते. सूर चुकत नव्हता.

सिस्टरांना बहुधा कळतही नसेल की त्या कोणते गाणे गुणगुणत आहेत. काम करताना माणूस काहीतरी गुणगुणतो, तसे ते. पण माझ्या डोक्यात ती गोष्ट घर करून बसली. त्या गाण्यातला नायक काय काय कबूल करतो? वाटेत डोळे अंथरीन, तुझे दुःख माझे करीन, रात्र रात्र जागीन. मी ते सगळे सहाशे प्रेक्षकांसमोर कबूल केले होते, आणि टाळ्याही घेतल्या होत्या. ज्या जागी त्यातले काहीतरी खरोखर करायचे होते, तेथून मात्र मी व्हरांड्यात निघून गेलो होतो. आणि ज्या बाईंनी आजीला काहीच कबूल केले नव्हते, त्या रात्रपाळीनंतरही थांबून ते काम करीत होत्या.

त्याच सुमारास 'स्मृतिचित्रे'वर निबंध लिहायचा होता. लक्ष्मीबाई टिळकांच्या संसारात शिरायचे तर नारायण वामन टिळकांचा ख्रिस्त टाळून चालत नाही, म्हणून ग्रंथालयातून मराठी नवा करार आणला. आणला निबंधासाठी, वाचला पडद्याआडच्या गाण्यासाठी.

वाचताना पहिला धक्का बसला तो एका शब्दाचा. ख्रिस्ती शिकवणुकीतील जे प्रेम, ज्याला मूळ ग्रीकमध्ये 'अगापे' असा वेगळा शब्द आहे, त्यासाठी मराठी बायबलात शब्द आहे 'प्रीती'. ममता नव्हे, दया नव्हे, भूतदया तर नव्हेच. प्रीती! जो शब्द आमच्या नाट्यगीतांनी, भावगीतांनी आणि सिनेमाने झिजवून गुळगुळीत केला, तोच. शेजाऱ्यावर करायची ती प्रीती, शत्रूवर करायची तीही प्रीती, आणि देवाचे स्वरूप सांगायचे तरी प्रीती. इंग्रजांनी १६११ च्या आपल्या बायबलात काही ठिकाणी याच शब्दासाठी 'चॅरिटी' वापरला, म्हणजे आपल्याकडचा दानधर्मच म्हणा. मराठी भाषांतरकारांनी तसे केले नाही. त्यांनी हा शब्द मुद्दाम निवडला की सहज, कोण जाणे. पण त्यामुळे मराठी वाचकाला प्रेमगीत आणि सेवेची आज्ञा यांच्यामध्ये भिंत घालायची सोयच उरली नाही.

आणि ही आज्ञा देण्याची वेळ पाहा. योहानाच्या शुभवर्तमानात ती शेवटच्या भोजनाच्या रात्री येते. त्याआधी येशू पानावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. हे काम घरातल्या गड्याचे. पेत्राला ते सहनही होत नाही, तो पाय मागे घेऊ पाहतो. पाय धुऊन झाल्यावर, त्याच बैठकीत, एकमेकांवर प्रीती करा ही नवी आज्ञा. म्हणजे आधी घंगाळ आणि मग शब्द. आमच्या गाण्यांत शब्द आधी येतो. घंगाळ बहुधा येतच नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी माणसाची गोष्ट पुष्कळांना ऐकून ठाऊक असते. लुटारूंनी मारून अर्धमेला टाकलेला एक वाटसरू, त्याला पाहून बाजूने निघून जाणारे दोन धर्ममान्य गृहस्थ, आणि थांबणारा तिसरा, तोही हलक्या मानलेल्या जमातीचा. मी ती पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट जाणवली. या गोष्टीत भावनेला एक शब्द दिला आहे, कळवळ्यापुरता. बाकी सगळी कामांची यादी. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर पाहिले, दुसऱ्या दिवशी दोन नाणी काढून दिली, जास्त खर्च झाला तर परतताना देईन असे सांगितले. हिशेबाच्या वहीसारखी ही गोष्ट आहे. जे दोघे बाजूने निघून गेले ते मला चांगले ओळखीचे वाटले. त्यांच्याही कानांत त्या वेळी काहीतरी चांगलेच चालू असावे, एखादे स्तोत्र वगैरे.

येथवर लिहिले ते वाचून पहिल्या गटाचे मित्र खूश होतील. म्हणतील, झाले ना कबूल? गाणी पोकळ, सेवा खरी! तर मित्रहो, थोडे थांबा. गोष्ट इतकी सरळ नाही.

आपल्याच जिल्ह्यातला एक माणूस घ्या. मुरलीधर देविदास आमटे, जन्म १९१४, हिंगणघाट. घर जमीनदाराचे, शिक्षण वकिलीचे, आणि तरुणपणी सिनेमाचे वेड असे की इंग्रजी नियतकालिकासाठी चित्रपटांची परीक्षणे लिहिली, ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर यांच्यासारख्या नट्यांशी पत्रव्यवहार केला. पडद्यावरच्या प्रेमाचा इतका शौकीन माणूस आमच्या गॅदरिंगलाही सापडणार नाही! पुढे वरोऱ्यात पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला. हातापायांची बोटे झडलेली, अंगावर किडे. बाबा आमटे घाबरले आणि पळाले. हो, पळालेच. त्यांनी ही गोष्ट स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितली, म्हणून ती आपल्याला माहीत आहे. मग ते परत गेले, त्याला खाऊ घातले, पावसापासून आडोसा केला. तुळशीराम वाचला नाही. पण त्या भीतीची लाज बाबांना सोडीना, आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली, तिच्यातून आनंदवन. जेथे भीती असते तेथे प्रीती नसते, हा त्यांनी त्या प्रसंगातून काढलेला निष्कर्ष. योहानाच्या पत्रातही या दोघी एका घरात नांदत नाहीत, अशा अर्थाचे सांगितले आहे.

पण मला त्याहून आवडते ती त्यांच्या लग्नाची गोष्ट. एका लग्नघरी सगळी मंडळी नटूनथटून मिरवीत होती, आणि घुले घराण्यातली इंदू मात्र गुपचूप मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करीत होती. हे पाहिले आणि गोसाव्यासारखे जटा वाढवून हिंडणारे बाबा तिच्या प्रेमात पडले. १९४६ मध्ये लग्न झाले. त्याच पुढे साधनाताई. त्यांचे 'समिधा' हे आत्मकथन ज्यांनी वाचले आहे त्यांना माहीत आहे की पुढल्या आयुष्यात धुण्याभांड्यांची, शेणामातीची आणि जखमांची कमतरता त्यांना कधी पडली नाही. ही प्रेमकथा धुण्याच्या दगडापाशी सुरू झाली. कोणता गीतकार आपल्या नायिकेला तेथे बघायला जाईल?

सिनेमाचे वेड सुटले म्हणून बाबा सेवेकडे वळले, असे मला वाटत नाही. ज्याला एका माणसाकडे डोळे भरून बघता येते, त्यालाच दुसऱ्या माणसाकडे बघण्याची वेळ आल्यावर लाज वाटते. ज्याचे डोळे कशावरच खिळले नाहीत, तो तुळशीरामाच्या बाजूने पळतदेखील नाही. सरळ चालत जातो.

आता सेवेचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. मी राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. ही योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या बोधवाक्याचा अर्थ आहे 'मी नव्हे, तू'. हे वाक्य एखाद्या गीतकाराच्या वहीत सापडले असते तर त्याने पुढची ओळ लिहून लगेच चाल लावायला दिले असते! पण आमच्या शिबिरात मी हा 'तू' फारसा पाहिला नाही. आम्ही 'ग्रामस्थ' पाहिले, 'लाभार्थी' पाहिले, 'निराधार वृद्ध' पाहिले. शोषखड्डे खणले, नाली उपसली, फावड्यांसह छायाचित्र काढून घेतले. सात दिवस ज्यांच्या गावात जेवलो त्यांपैकी एकाही म्हातारीचे नाव मला आज सांगता येणार नाही. सेवा अनेकवचनात गेली की तिचे असे होते.

करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने हेच दुखणे ओळखले आहे. हा अध्याय ख्रिस्ती लग्नांत हौसेने वाचतात, त्यामुळे तो नवरानवरीसाठी लिहिला असावा असा समज होतो. प्रत्यक्षात तो लिहिला आहे आपसांत भांडणाऱ्या मंडळीला, कोणाची देणगी मोठी यावरून चाललेल्या चुरशीच्या ऐन मध्यभागी. आणि त्याचे म्हणणे असे की, सगळी मालमत्ता गरिबांना वाटून टाकली, देह जाळायला दिला, तरी प्रीती नसेल तर ते जमेस धरले जात नाही. केवढे धाडसाचे हे विधान! सेवेचा सर्वांत मोठा प्रचारक म्हणतो की नुसती सेवा पुरत नाही.

मग ती प्रीती शिकायची कोठे? माझे मत असे की पहिला धडा प्रेमगीतातच मिळतो. प्रेमगीताला अनेकवचन येत नाही. त्याला एकच माणूस दिसतो, त्याचे डोळे, त्याचे चालणे, त्याचे रुसणे. गाणारा 'तू' म्हणतो तेव्हा जगात दुसरे कोणी नसते. हा 'तू' म्हणण्याचा सराव मी नववीत असल्यापासून करीत आलो आहे. माझी चूक गाणे म्हणण्यात नव्हती. त्यावरचा पत्ता मी कायमचा एकच धरून बसलो होतो, ही माझी चूक. सिस्टरांनी तेच गाणे उचलले आणि त्या दिवशी जो माणूस त्यांच्या हाताखाली होता त्याचा पत्ता त्यावर घातला. वॉर्डात तीस खाटा होत्या, पण त्यांनी आजीला कधी 'खाट क्रमांक अमुक' म्हटले नाही.

गाण्याचा पत्ता बदलण्याची ही युक्ती काही नवी नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणीची भाषा विठ्ठलाला लावलेली आहेच. बायबलातही 'गीतरत्न' नावाचे एक संपूर्ण प्रेमकाव्य आहे, आठ अध्यायांचे, आणि त्यातील तरुण-तरुणी एकमेकांच्या रूपाचे जे वर्णन करतात ते आमच्या प्राचार्यांनी गॅदरिंगला मंजूर केले नसते. मुक्तिफौजेचे लोक १८८२ मध्ये मुंबईला उतरले, ते बँड वाजवीत. विलायतेत दारूच्या गुत्त्यांतून लोकांच्या तोंडी बसलेल्या चाली त्यांनी उचलल्या, त्यांवर भक्तीचे शब्द बसवले, आणि गाणे म्हणत म्हणत झोपडपट्ट्यांत शिरले. आमचे रेव्हरंड टिळक, फुलामुलांचे कवी, यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवले, आणि आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. पूल म्हटला की त्याच्या दोन्ही बाजूंनी येजा चालते, हे मी आपले माझ्या पदरचे सांगतो.

कोणी विचारील, वर्ध्याच्या पोराला हे सांगायला ख्रिस्ती धर्म कशाला लागतो? आपल्याकडे काय कमी आहे? कमी काहीच नाही. पण १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिला, तेव्हा बापूंच्या मातीच्या कुटीत त्याला भिंतीवर एकच चित्र दिसले, आणि ते येशू ख्रिस्ताचे होते. त्याच आश्रमात परचुरेशास्त्री हे कुष्ठरोगाने गांजलेले संस्कृत पंडित १९३९ मध्ये आले, आणि गांधीजी स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश करीत. त्या हातांनी कोणत्या धर्माचे काम केले, हे परचुरेशास्त्र्यांना विचारावे लागले असेल काय?

एक मात्र पहिल्या गटाला मी मोकळेपणाने देतो. सगळी प्रेमगीते सारखी नसतात. मुलगी 'नाही' म्हणते आणि नायक चार मित्र घेऊन तिच्या मागे नाचत फिरतो, अशा गाण्यांचा आपल्या सिनेमात सुकाळ आहे. हट्ट धरणे हे प्रीतीचे लक्षण नव्हे, असे पौल मानतो. त्या चाळणीतून काढली तर निम्मी गाणी खाली गळतील, आणि गळू द्यावीत. मी मागे म्हटलेल्यांपैकी दोन-तीन त्यांत जातील, हे मला दिसते आहे. यंदा ती म्हणणार नाही.

पण उरलेली म्हणू द्या. आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' नावाचा वाद्यवृंद उभा केला. त्यात गाणारे आणि वाजवणारे म्हणजे बरे झालेले कुष्ठरुग्ण, अंध, अपंग. गावोगावच्या रंगमंचांवरून ते गाणी सादर करीत आले. ज्यांना घरच्यांनी दाराबाहेर काढले, ज्यांचा स्पर्श कोणाला नको होता, त्यांच्या तोंडून सिनेमातले गाणे ऐकताना सभागृहातल्या माणसाला कोणत्या गटात बसावेसे वाटेल?

आजी आता घरी आहे. काठी धरून दारापर्यंत येते. रात्री तिच्या पायांना तेल लावायचे काम माझ्याकडे आहे. पहिले चार दिवस मला ते जड गेले, हे कबूल करतो. तिच्या टाचांच्या भेगांत अजून शेतातली काळी माती आहे की काय, असे वाटते. परवा तेल लावता लावता मी सहज ते गाणे म्हणू लागलो. आजीने डोळे मिटून ऐकून घेतले. कडवे संपल्यावर म्हणाली, "हे तं बायकोले म्हणाचं गाणं हाय ना रे पोट्ट्या?"

मी म्हटले, "हो."

"मंग मले काऊन म्हणून रायला?" आणि मी काही उत्तर शोधायच्या आत, "म्हण, म्हण. पण तुयापरीस थे सिस्टर बरी म्हणे."